संमती दिली आहेत, आता ती लेखी मागे घ्या

तासगाव तालुक्यातल्या एका आईंचा प्रश्न आहे: शाळेतल्या धार्मिक तासांतून मुलीला सूट कशी मिळवायची? मुलगी खासगी अनुदानित शाळेत सातवीत शिकते. शनिवारी शेवटच्या दोन तासांना मुलींना सभागृहात बसवून स्तोत्रं, आरती आणि व्रतांची माहिती देतात, मुलगे तेवढा वेळ मैदानावर. दीड वर्ष तक्रार करूनही मुख्याध्यापकांचं उत्तर एकच: ‘प्रवेशाच्या वेळी सही केली आहे ना?’ अशी पत्रं वरचेवर येतात. कुठे धर्म वेगळा, कुठे शाळा, पण सहीपाशी सगळे अडकलेले.

समतेवरचं व्याख्यान तुम्हाला नको आहे. तुमचं प्रकरण राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) वर ठरेल. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, पण संमती असेल तर हे संरक्षण उरत नाही. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर संमती पालकाची. तुम्ही पाठवलेल्या प्रवेश अर्जाच्या प्रतीत ‘धार्मिक व संस्कारविषयक उपक्रमांत पाल्य सहभागी होईल, यास माझी संमती आहे’ हे वाक्य छापलेलं आहे आणि खाली यजमानांची सही आहे. वाचलं असतंत तर तेव्हाच खोडता आलं असतं.

दिलेली संमती मागे घेता येते का, यावर अनुच्छेदात शब्द नाही. माझ्या मते येते, कारण शाळेचा सगळा आधारच त्या संमतीवर आहे. पण ती तोंडी मागे घेतल्याला पुरावा नसतो. दीड वर्ष तुम्ही फाटकापाशी तोंडी बोलत राहिलात, त्याचा कागद एकही नाही.

तेव्हा या आठवड्यात मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. लिपिकाने घेतला नाही तर पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा. ‘सर्व संस्कार उपक्रमांतून सूट’ असं मोघम लिहू नका. शनिवारचं स्तोत्रपठण आणि आरती, एवढंच नाव घेऊन लिहा. पाठ्यपुस्तकातल्या अभंगातून किंवा संतांच्या चरित्रातून सूट मागाल तर हराल. धर्मांविषयीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलेलं आहे.

अर्जावर यजमानांचीही सही घ्या. ते तयार आहेत का, हे पत्रात तुम्ही शिताफीने टाळलं आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ तुम्हाला लागू असेल तर त्यात मुलांचे नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ वडिलांच्या अनुपस्थितीत असाही लावला. पण वडील घरात असतील आणि त्यांचा विरोध असेल, तर शाळा त्यांचीच सही पुढे करणार.

मुलींनाच बसवण्याचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात मांडा. वेळापत्रकात ते तास शारीरिक शिक्षणाचे असतील तर बाजू भक्कम होते. वेळापत्रकाची प्रत माहिती अधिकारात मागा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस. खासगी संस्थेविरुद्ध अनुच्छेद १५ (लिंगावरून भेदभावाला मनाई) कितपत चालेल, हे खात्रीने सांगता येणार नाही.

अर्जाची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, महिनाभरात हालचाल नसेल तर कोल्हापूरच्या शिक्षण उपसंचालकांना. दिवाणी दावा लावू नका, मुलगी दहावी होईल आणि तुमची तारीख सुरूच असेल. वेळ आलीच तर उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात, मुंबई गाठायला नको. तिथेही पहिला प्रश्न हाच येईल: शाळेला लेखी कळवलंत कधी?

आणि जूनमध्ये शाळा पालकांकडून नवा माहिती फॉर्म भरून घेते. त्यात तोच मजकूर असेल तर तेवढी ओळ खोडा, शेजारी दोघांची छोटी सही करा, फोटो काढा आणि मगच फॉर्म द्या. नाहीतर मागे घेतलेली संमती तुम्हीच नव्याने द्याल.