सेल्फ मारण्याआधी मीटर लावा
वाचकांचे प्रश्न : जुनी मोटरहोम

प्रश्न : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी केली आहे. रात्री एक दिवा आणि मोबाइलचं चार्जिंग, एवढाच वापर. तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता ‘टक’ करतो. नवी बॅटरी घातली, दोन महिन्यांत पुन्हा तेच. – नाशिक

तिसरी बॅटरी घेऊ नका. पंधरा मिनिटांचं मोजमाप आधी करा. सकाळी चावी न लावता बॅटरीवर मीटर (मल्टिमीटर) धरा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे आणि दोष केबल, अर्थ (अर्थिंगची जोडणी) किंवा सेल्फमध्ये आहे. १२.० किंवा त्याखाली असेल तर रात्रीत करंट कुठेतरी जातोय, नाहीतर दिवसा चार्जिंगच होत नाही.

बॅटरी भरलेली असूनही ‘टक’ येत असेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. क्लॅम्पवर नको, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थ खराब. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट अशीही मोजणी घ्या, तिथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. दोन्ही रीडिंग ठीक असतील तरच सेल्फ खोला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंटला परतीची वाट म्हणजे इंजिन ते चासी (गाडीचा सांगाडा) ही विणलेली अर्थपट्टी. ती कुजली की सेल्फचा करंट क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना अशी केबल गरम लागली तर निदान तिथेच झालं. पट्टीची दोन्ही टोकं सोडवून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. मोटरहोम करताना आतल्या वायरिंगचे अर्थ बहुतेक वेळा रंगवलेल्या पत्र्यात स्क्रूने मारलेले असतात. ते सगळे एका तांब्याच्या पट्टीवर आणून तिथून एकच जाड केबल चासीला न्या. जुन्या गाडीतले निम्मे विजेचे दोष इथेच संपतात असं आमचं मत आहे.

व्होल्ट कमी असतील तर गळती शोधा. चावी काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह केबल सोडवून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर केबल आणि खांब यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. वीस मिनिटं थांबून वाचा. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत निम्मी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्याच वायरवर. बंद न केलेला इन्व्हर्टर काहीही न चालवता अर्धा ते एक अँपिअर खातो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे वळा. बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि मीटर पूर्वीसारखा जोडून पुन्हा मोजा. गळती थांबली तर आतला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेलाय. खात्रीसाठी सगळं परत जोडून इंजिन चालू ठेवा आणि बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड प्लेट बदलायची. त्याच वेळी डीसीही बघा. इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर) खराब आहे आणि तो बॅटरी उकळवतोय.

प्रश्न : थंडीत भंडारदऱ्याला सकाळी इंजिन दहा-बारा वेळा सेल्फ मारूनही घेत नाही. दुपारी लगेच चालू होतं. मेकॅनिकने नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदलायला सांगितलंय. – संगमनेर

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही.

पांढरा धूर असेल तर आधी हीटर प्लग. जुन्या ट्रॅव्हलरमधल्या मर्सिडीज ओएम ६१६ घराण्याच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटतं आणि थंडीत तो प्लगशिवाय तापत नाही. चावी हीटरवर ठेवून प्लगच्या पट्टीवर मोजा. ११ व्होल्ट नसतील तर रिले किंवा फ्यूज गेलाय. व्होल्ट आहेत तर पट्टी काढा आणि टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडून एकेका प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तो प्लग मेला. फार जुन्या इंजिनांत प्लग एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यात एक गेला की चारही थंड, आणि त्यांतल्या एकट्या प्लगला थेट १२ व्होल्ट दिले तर तो जळतो, म्हणून तिथे फक्त मीटरने कंटिन्युइटी बघा. स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथरचा भडका उडून पिस्टन फुटतो.

धूर नसेल तर डिझेलला एअर धरलीय. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा पंप) हा भाग ओढणारा आहे. तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते, म्हणून खालची जमीन कोरडी दिसते आणि मेकॅनिक फसतो. पंपाआधी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप टाकून बुडबुडे बघा. चिरलेला रबरी पाइप आणि त्याचे क्लिप, हातपंपाचं वॉशर, फिल्टरचे तांब्याचे वॉशर या क्रमाने बदला. तांब्याचं वॉशर पुन्हा वापरू नका. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरीही घेत नसेल तर नोझलला येणाऱ्या पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. त्या फवाऱ्यापाशी हात नेऊ नका, तो कातडीतून आत शिरतो. नोझलचा खर्च या सगळ्यानंतर.

प्रश्न : कसारा घाटात तापमानाचा काटा लालवर जातो, सपाटीवर मात्र ठीक. – कल्याण

चढावर वेग कमी, म्हणजे वारा कमी आणि भार जास्त. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण १० मिलिमीटर दबावा. रेडिएटरच्या जाळीतली माती इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने बाहेर काढा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. घाटाआधी पाण्याची टाकी रिकामी केलीत तर १०० लिटरमागे १०० किलो कमी होतात.

सपाटीवर वेगातही तापू लागली तर मात्र थर्मोस्टॅट किंवा आतून बुजलेला रेडिएटर बघा. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज टणक झाला तर हेड गॅस्केट गेलं आहे, गाडी पुढे नेऊ नका.

प्रश्न : मागच्या, घराच्या वापराच्या बॅटरीऐवजी लिथियम बसवली तर जुनी वायरिंग चालेल का? – पणजी

नाही. तुमच्या इंजिनच्या आणि घराच्या बॅटरीमधला रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उभ्या गाडीतही १३.३ च्या आसपास असते, म्हणून तो रिले सुटतच नाही. शिवाय ती अल्टरनेटरकडून जमेल तेवढा करंट ओढते. मंद फिरणारा जुना अल्टरनेटर तापून जळतो. रिलेऐवजी मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (ठरावीकच करंट पुढे देणारा) घाला, दोन्ही टोकांना फ्यूज द्या, केबल १० चौरस मिलिमीटरची वापरा. लडाखला नेणार असाल तर शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. थंडीत चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरी सांभाळणारं तिच्या आतलं सर्किट) आहे का ते घेतानाच विचारा.