दोन डबे ठेवूनही फरक पडत नाही, मग शहरात चक्रीय अर्थव्यवस्था येणार कशी?

तुम्ही विचारलंय, की सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा ठेवूनही सगळं डेपोतच जात असेल, तर शहरात चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणणं, खरंच शक्य आहे का, आणि सुरुवात कुठून करायची.

शक्य आहे. तिचा बराचसा भाग आपल्याकडे आधीपासून चालूही आहे. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, ही मंडळी वर्षानुवर्षं वस्तू पुन्हा बाजारात आणत आली आहेत. माझं मत असं, की डबे किती ठेवले यापेक्षा डब्यातला माल विकला जातो का आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात, यावर सगळं अवलंबून आहे.

मी पुण्यात राहतो आणि आमच्या सोसायटीच्या कचऱ्याचं काम बघतो, म्हणून पुण्याचंच सांगतो. इथे 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तीन हजारांहून जास्त सभासद, त्यात बहुतेक बाया. त्या दारोदार कचरा घेतात, घरटी ठरलेलं शुल्क मिळतं आणि सुका माल विकून आलेले पैसेही त्यांचेच राहतात. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याच्या हातात माल आहे त्यालाच त्याची किंमत मिळते, म्हणून वर्गीकरण मन लावून होतं. याउलट वजनावर पैसे घेऊन गाड्या डेपोत रिकाम्या करण्याचं कंत्राट दिलं, तर कचरा कमी व्हावा असं त्या साखळीत कोणालाच वाटणार नाही. त्याचा भार पुण्याचा कचरा डेपो जिथे होता त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी गावांतल्या लोकांनी किती वर्षं सोसला, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे येणाऱ्या ताई माल निवडतात तेव्हा जवळ उभं राहून बघण्यासारखं असतं. पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली, दुधाची पिशवी, बिस्किटाचं वेष्टन. आपल्याला सगळं प्लास्टिकच. त्या मात्र हाताला लागलं की आवाजावरून, जाडीवरून वेगळं करतात, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. पुढे कारखान्यात बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात सोडतात. बाटलीचं प्लास्टिक जड, ते बुडतं. झाकणाचं हलकं, ते वर तरंगतं. इतकं साधं तंत्र आहे, पण माल आमटीने बरबटलेला असेल तर धुण्याचा खर्च वाढतो आणि भाव पडतो. ओला किंवा तेलकट पुठ्ठा तर भंगारवाला घेतच नाही.

म्हणून घरात करायचं काम छोटं आहे. दुधाची पिशवी विसळून उलटी टांगा, आणि फोडताना कोपरा पूर्ण कापू नका. तो इवलासा तुकडा नंतर कोणालाच उचलता येत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. उघड्या हाताने निवडणाऱ्या बाईला तो ठिपका बघून पुडी बाजूला ठेवता येते.

ओल्या कचऱ्याचा हिशेब आणखी सरळ आहे. आपल्या शहरांत कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओलाच असतो, आणि तो गाडीत घालून दूर नेण्यात काही अर्थ नाही. आवारातच खत करा. वास येतो तो पाणी जास्त झाल्यामुळे. सुका पालापाचोळा भरपूर घाला आणि ढीग वरखाली करत राहा.

पण सगळं ओझं घरांवर टाकणं मला मान्य नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. त्याला भंगारात भावच नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळतं. अशी पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांनीच ती परत घेण्याचा खर्च उचलायला हवा. नियमांत उत्पादकांची ही जबाबदारी आहे, पण तो पैसा दारात येणाऱ्या ताईपर्यंत पोचला पाहिजे. शिवाय कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि भंगाराचा भाव कोसळतो. त्या दिवसांत तिची कमाई कोणी सांभाळायची? बाटल्यांवर अनामत हा एक चांगला उपाय आहे. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट भरावे लागतात आणि बाटली परत केली की ते मिळतात. आपणही काचेच्या सोड्याच्या बाटल्या अशाच परत देत होतो.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या डब्याचा ठराव करू नका. माल निवडायला छप्पर असलेली जागा, दिवा, नळ आणि हातमोजे, एवढं मंजूर करून घ्या. आणि सुका माल विकण्याचा हक्क कचरा उचलणाऱ्यांचाच राहील, हे लेखी ठरवा.