गॅलरीत एसीच्या मागे खारीने घरटं केलंय. पिल्लं कधी जातील? घरटं सरकवलं तर चालेल का?

सरकवू नका. दोनेक महिने कळ काढा, जागा आपोआप रिकामी होते.

नेमकं किती थांबावं लागेल, हे पिल्लांकडे बघून कळतं. खार बाहेर गेली की एकदाच, हात न लावता डोकावा. अंग गुलाबी आणि बिनकेसांचं असेल तर पिल्लं जेमतेम काही दिवसांची आहेत. पाठीवर पट्टे उमटलेत, बारीक लव आलीय, पण डोळे मिटलेले आहेत, तर दुसरा आठवडा धरा. डोळे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडतात. त्यानंतर घरट्याच्या तोंडाशी डोकी दिसायला लागतात, काहीबाही कुरतडणं सुरू होतं. पिल्लं पूर्ण स्वतंत्र व्हायला जन्मापासून दोन ते अडीच महिने लागतात. एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं असतात आणि सगळं आईच बघते, नर फिरकतही नाही. त्यामुळे ती दिवसा बराच वेळ दिसली नाही, तर ती खायला गेलीय एवढाच अर्थ घ्या.

घरटं हलवलं, की खार बिथरते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. कावळा आणि मांजर अशाच वेळी डाव साधतात. ती एकसुरी चिकचिक करतेय आणि प्रत्येक चिकला शेपटी झटकतेय, तर आधी आसपास मांजर किंवा साप आहे का बघा. बहुतेक वेळा तक्रार तुमच्याबद्दल नसते.

एसीचं मात्र बघा. काथ्या, चिंध्या, कापूस पंख्याच्या जाळीत शिरला असेल, तर पिल्लं जाईपर्यंत तो एसी बंदच ठेवा. वायरी कुरतडलेल्या दिसल्या तर मेन स्विच बंद करा. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं, म्हणून हाकलून किंवा वासाचे फवारे मारून ती सवय जात नाही.

पिल्लू खाली पडलं तर? माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हा गैरसमज आहे. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या: कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही, त्याला ते पचत नाही. ऊब आली की छोट्या उघड्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून खोकं घरट्याशेजारी, उंचावर, मांजर पोचणार नाही असं बांधा आणि स्वतः आत जा. तुम्ही समोर उभे राहिलात तर ती येणार नाही. दिवसाउजेडी तीन-चार तास वाट बघा. खारी रात्री हिंडत नाहीत, म्हणून संध्याकाळी सापडलेलं पिल्लू रात्रभर उबेत ठेवून पहाटे परत लावा.

तरीही आई आली नाही, किंवा मांजराने तोंड लावलेलं असेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे किंवा वन्यजीव बचाव संस्थेकडे न्या. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यातून जंतुसंसर्ग फार लवकर पसरतो. घरी गाईचं दूध पाजण्याचा मोह होतो, तेवढं टाळा: जुलाब लागतात आणि एवढासा जीव त्यात कोरडा पडतो. ड्रॉपरने घाईत पाजताना दूध नाकातून फुप्फुसात जातं, त्यातही बरीच पिल्लं दगावतात. उताणं धरून पाजलं तर हा धोका आणखी वाढतो.

पिल्लं गेल्यावर उशीर करू नका. तीच मादी किंवा दुसरी कुणी ती जागा पुन्हा धरू शकते. दोन-तीन दिवस ये-जा नाही याची खात्री करा, हातमोजे घालून घरटं काढा आणि फट अर्ध्या इंचाच्या लोखंडी जाळीने बंद करा. नायलॉनची जाळी ती सहज कुरतडते.