व्हिएन्नाचं ‘हॉटेल झाखर’ खरंच दीडशे वर्षं एकाच कुटुंबाच्या मालकीचं आहे का? आणि केकवरून कोर्टकचेरी का झाली?

हॉटेल कुटुंबाच्या मालकीचं आहे, पण ज्या कुटुंबाचं नाव दारावर आहे त्याच्या नाही. झाखरांचं दिवाळं १९३४ साली वाजलं आणि तेव्हापासून ते ग्युर्टलर कुटुंबाकडे आहे. झाखरांकडे ते ५८ वर्षं होतं, ग्युर्टलरांकडे आता त्याहून बरीच जास्त वर्षं झाली. केकचं भांडणही याच हस्तांतरातून उभं राहिलं, म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो. (जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ बहुधा ‘झ’सारखा उच्चारतात. म्हणून झाखर. ‘सॅचर’ चूक आहे, आणि आपल्या साखरेशीही या नावाचा संबंध नाही.)

हा केक, म्हणजे चॉकलेट आणि जर्दाळूच्या जॅमचा ‘झाखर टोर्ट’, हॉटेलपेक्षा जुना आहे. घराण्यात सांगितली जाणारी हकिकत अशी की १८३२ साली ऑस्ट्रियाचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याच्या मुदपाकखान्यात मुख्य आचारी आजारी पडला आणि पाहुण्यांसाठी गोड करायचं काम १६ वर्षांच्या फ्रान्झ झाखर या शिकाऊ उमेदवाराच्या गळ्यात पडलं. त्याचा मुलगा एडुआर्ड हा डेमेल या दरबारी मिठाईवाल्यांकडे शिकला. केकला आजचं रूप त्यानेच तिथे दिलं असं मानतात. डेमेलचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

एडुआर्डने १८७६ साली हॉटेल काढलं, तेही ऑपेराच्या अगदी पाठीमागे. त्या जागेवर आधी केर्न्टनरटोर नाट्यगृह होतं. बेथोव्हेनची नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजी पहिल्यांदा तिथेच वाजली. ऑपेराची नवी इमारत १८६९ साली उघडली होती, त्यामुळे खेळ सुटल्यावर जेवायला येणारं उच्चभ्रू गिऱ्हाईक आयतंच मिळालं. माझ्या मते या हॉटेलच्या यशात केकपेक्षा या जागेचा वाटा मोठा आहे.

एडुआर्ड १८९२ साली वारला. त्याची बायको आन्ना तेव्हा ३३ वर्षांची होती. खाटकाची मुलगी, ओठांत सिगार, पायाशी फ्रेंच बुलडॉग. पुढची जवळजवळ चार दशकं हॉटेल तिने चालवलं, आणि सरदार, मंत्री, राजदूत यांची ऊठबस तिथे सुरू झाली ती तिच्यामुळेच. तिने एक टेबलक्लॉथ जपला होता. बड्या पाहुण्यांनी त्यावर सह्या करायच्या आणि ती त्या धाग्याने भरून काढायची. मधोमध सम्राट फ्रान्झ योझेफची सही आहे. त्या कापडावरची नावं वाचली तरी हॉटेल कोणाच्या जिवावर चालत होतं ते समजतं.

आणि तेच पुढे नडलं. १९१८ साली साम्राज्य गेलं. एप्रिल १९१९च्या कायद्याने सरदारक्या रद्द झाल्या. त्यानंतर चलनवाढीने क्रोन या तिथल्या चलनाचं इतकं मातेरं केलं की नवं चलन आलं तेव्हा १०,००० क्रोनला १ शिलिंग असा भाव ठरला. आन्ना मात्र जुन्या, आता कफल्लक झालेल्या गिऱ्हाइकांना उधारीवर जेवू घालत राहिली. ज्या काळात चलन दर आठवड्याला घसरतं, त्या काळात उधारी म्हणजे फुकट वाटणंच. बिल चुकतं झालं तरी त्या पैशात तीच कोंबडी पुन्हा विकत घेता येत नाही. तिच्या माणुसकीला मी नावं ठेवणार नाही, पण हिशेबात ते बसत नव्हतं. ती १९३०च्या फेब्रुवारीत वारली आणि चार वर्षांत दिवाळं वाजलं.

ग्युर्टलर आणि झिलर या दोन कुटुंबांनी मिळून हॉटेल घेतलं आणि दुरुस्तीला हात घातला. इथे खरी मेख आहे. इमारत आणि नाव नव्या मालकांकडे गेलं, पण आन्नाचा मुलगा, धाकटा एडुआर्ड, डेमेलकडे नोकरीला लागला आणि ‘एडुआर्ड झाखर टोर्ट’ विकण्याचा हक्क त्याने त्यांना दिला. १९३८ साली हॉटेलने ‘ओरिजिनल झाखर टोर्ट’ हे नाव नोंदवून विक्री सुरू केली. एका शहरात एकाच केकचे दोन वारसदार झाले. मध्ये युद्ध आलं. त्यानंतर हॉटेल आधी सोव्हिएत आणि मग १९५१पर्यंत ब्रिटिश फौजांच्या ताब्यात होतं. खटला १९५४ साली उभा राहिला.

वाद ‘ओरिजिनल’ या शब्दाचा, पण कोर्टात कीस पडला तो जर्दाळूच्या जॅमचा. हॉटेलचा केक मधोमध आडवा कापून आत जॅमचा एक थर देतात आणि दुसरा वरच्या चॉकलेटखाली. डेमेलच्या केकमध्ये जॅम फक्त चॉकलेटखाली असतो. लोणी की मार्गारिन, यावरही वाद झाला. दोन्हीकडे ऊठबस असलेल्या एका नामवंत लेखकाने साक्ष दिली की आन्नाच्या हयातीत केक मधून कापत नसत. म्हणजे साक्ष हॉटेलच्या विरुद्ध गेली. तरीही १९६३ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली, तीत ‘ओरिजिनल’ हॉटेलला मिळालं आणि डेमेलला एडुआर्डचं नाव व त्रिकोणी शिक्का.

तडजोडीच्या सुमारास ग्युर्टलर एकटे मालक झाले होते. १९९० साली पेटर ग्युर्टलर गेल्यावर त्यांच्या घटस्फोटित पत्नी एलिझाबेथ यांनी सूत्रं घेतली आणि आता पुढची पिढी कारभार पाहते. साल्झबुर्गमधलं हॉटेल कुटुंबाने त्याआधी, १९८८ साली, विकत घेतलं होतं.

दुसरं कुटुंब का टिकलं, याचं माझं उत्तर सरळ आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. लाकडी पेटीतला केक मात्र दोन आठवडे टिकतो आणि जगभर पाठवता येतो. व्हिएन्नाच्या झिमरिंग भागातल्या कारखान्यातून वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त केक बाहेर पडतात. गिऱ्हाईक व्हिएन्नाला आलं नाही तरी गल्ला चालू राहतो. आन्नाकडे हा आधार नव्हता.

केक टिकतो त्याचं कारण त्याच्या आवरणात आहे. हॉटेलची कृती गुप्त आहे, पण व्हिएन्नाची सर्वसाधारण पद्धत अशी: गाळलेला जॅम उकळता असतानाच केकवर पातळ फासायचा, म्हणजे भुगा बसतो आणि छिद्रं बुजतात. साखरेचा तारेचा पाक करून त्यात चॉकलेट विरघळवायचं, थोडा भाग भांड्याच्या कडेला घोटून परत मिसळायचा आणि सगळं एका दमात ओतायचं. पाक फार गरम असेल तर जॅम सुटून आवरण ओघळतं, थंड झाला तर सुरीचे ओरखडे राहतात. बर्फीचा पाक ज्याने घोटला आहे त्याला हे लगेच कळेल.

पेटी घेऊन येणार असाल तर केक १६ ते १८ अंशांत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताच आवरणावर पाणी सुटतं, साखर विरघळते आणि चकाकी जाते. एसीची खोली त्यापेक्षा बरी. खरेदी करताना गोल शिक्का पाहा, तो हॉटेलचा. केकमध्ये अंडी असतात, भरपूर असतात, तेव्हा घरात कोणी खात नसेल तर आधीच सांगा. कापताना सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. केक मुळात थोडा कोरडाच असतो, म्हणून सोबत फेटलेलं क्रीम द्या, त्यात साखर घालू नका.