थंडरबर्डमधले जुने मेल नव्या संगणकावर नेताना

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये आधी एक बघा, तुमचं खातं पॉपवर आहे की आयमॅपवर (मेल आणण्याच्या या दोन पद्धती)? आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरच असतात. नव्या संगणकावर खातं जोडलं की आपोआप उतरतात. पॉप असेल (यात मेल संगणकावर उतरवून घेतले जातात), किंवा 'लोकल फोल्डर्स'मध्ये काही हलवून ठेवलं असेल, तर ते बहुधा फक्त जुन्या डिस्कवरच असतं. तेच जपायचं.

हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंगची माहिती उघडा. तिथे प्रोफाइल फोल्डरच्या (तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे साठतात तो) ओळीत तो उघडायचं बटण आहे. फोल्डर सापडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा, चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. मग अख्खा फोल्डर उचला, निवडक फायली नकोत. आत 'इनबॉक्स' नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल दिसेल. इनबॉक्समधले सगळे मेल त्या एकाच फायलीत असतात. शेजारची एमएसएफ फाइल म्हणजे नुसती अनुक्रमणिका.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. माझी इनबॉक्स अशीच अडली होती. एनटीएफएसवाली (या फॉरमॅटला ती मर्यादा नाही) हार्ड डिस्क घेतली तेव्हा काम झालं.

नव्या संगणकावरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून नवी हवी. टूल्समधल्या इम्पोर्टमध्ये तो फोल्डर निवडा. साठवलेले पासवर्डही प्रोफाइलमध्येच असतात, ती कॉपी कुणाच्या हाती देऊ नका. आणि चार-पाच जुने मेल अटॅचमेंटसकट उघडून बघितल्याशिवाय जुना संगणक फॉरमॅटला टाकू नका, एवढं ऐका.