४४ किलोसाठी पोरीला उपाशी ठेवू नका

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी दहावीत, चार वर्षं ज्युदो खेळतेय, यंदा विभागीय स्पर्धेत पदक मिळालं. तुम्ही विड्या वळून घर चालवता. जाऊबाई म्हणतात, "पोरीच्या जातीला हे कशाला? हातपाय मोडला तर लग्न कसं व्हायचं?" खेळ बंद करून तिला सायन्सला घालावं का, असं तुम्ही विचारलंय. पण शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत: ४४ किलोच्या वजनगटात बसायला ती स्पर्धेआधी तीन दिवस भाकरीला हात लावत नाही आणि चार महिने पाळी आलेली नाही. मी तिथूनच सुरुवात करते.

खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मेहनत भरपूर आणि पोटात अन्न नाही, असं चालू राहिलं की पाळी थांबते आणि हाडं कमजोर होतात. रोज मॅटवर आपटून घेणाऱ्या मुलीला हे परवडणारं नाही. याच आठवड्यात तिला सिव्हिलमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुसरी काही कारणंही असू शकतात, ती तपासल्याशिवाय कळणार नाहीत.

आणि सरांना सांगा, तिला ४८ किलोच्या गटात खेळवा. वाढत्या वयात वजन वाढणारच. वर्षभर ती हरेल कदाचित. समोरच्या मुलींची पकड जड असेल, आजवर लागणारे डाव लागणार नाहीत. हरू द्या. २०२२ मध्ये सारायेव्होला कॅडेट (१८ वर्षांखालील) गटाची जगज्जेती झालेली मणिपूरची लिंथोई चानंबम ५७ किलोत खेळली होती. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तूलिका मानने ७८ किलोंवरच्या गटात रौप्य मिळवलं आणि सुशीला देवीने ४८ किलोत. हलकं असण्यालाच पदक मिळतं असं काही नाही.

आता पुढचं. सायन्स तिला आवडत असेल तरच घ्या. खेळ चालू ठेवायचा म्हणून आर्ट्सच घ्यायला हवं, असंही नाही. मात्र सकाळ-संध्याकाळ सराव करून वर क्लासेसही झेपतील का, हे तिलाच विचारा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण विभागीय पदकावर ते मिळत नाही. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जावं लागेल, आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. 'राज्यस्तरीय' लिहिलेली सगळीच प्रमाणपत्रं तिथे चालत नाहीत. म्हणून कुठल्याही स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून या. दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. तिचं प्रमाणपत्र त्यात बसतं का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा. पुढे प्रशिक्षक व्हायचं झालं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आहे, किंवा बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. पोलीस दलातही खेळाडू घेतात. सुशीला देवी मणिपूर पोलिसांतच आहे.

जाऊबाईंना एकदा सरावाला घेऊन जा. ज्युदोत मुलींना आधी नीट पडायला शिकवतात, उकेमी म्हणतात त्याला. ते त्यांनी डोळ्यांनी पाहू दे.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. आणि आज रात्री तिला समोर बसवून शेंगाचटणी, दही आणि दोन भाकरी वाढा. वजनकाटा महिनाभर कपाटावर राहू दे.

तुमची,
समुपदेशक ताई