फॉरमॅट मारण्याआधी तारीख मोजा

प्रश्न : लॅपटॉप घेऊन 26 महिने झाले. तिसऱ्या महिन्यापासून तो मध्येच हँग होतो, कधी निळा स्क्रीन येऊन बंद पडतो. वॉरंटीच्या वर्षात चार वेळा सर्व्हिस सेंटरला दिला. दर वेळी विंडोज नव्याने टाकून परत मिळाला. वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांनी मदरबोर्ड खराब आहे असं सांगून कंपनीने खर्च मागितला. तेव्हापासून वर्षभर ईमेल चालू आहेत. मधल्या काळात बाहेरच्या तंत्रज्ञाकडून रॅम वाढवून घेतली. तो आता म्हणतो, फॉरमॅट मारू आणि दुसरा मदरबोर्ड बसवू. तसं करून खर्च कंपनीकडून वसूल करता येईल का? की पूर्ण पैसेच परत मागावेत?

उत्तर : फॉरमॅट मारू नका. मदरबोर्डही बदलू नका. पैसे पूर्ण मागायचे की खर्च, हे आपण नंतर बघू. तुमच्या पत्रात ज्या गोष्टीचा उल्लेखही नाही, तिच्यावरच हे प्रकरण उभं राहणार किंवा पडणार आहे, आणि ती म्हणजे मुदत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण, म्हणजे ज्या घटनेमुळे तक्रारीचा हक्क मिळतो ती घटना, घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तुमचं वादकारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल, कंपनीने फुकट दुरुस्तीला नकार दिला तेव्हा, म्हणजे 12 महिन्यांपूर्वी. तसा युक्तिवाद करता येतो आणि तो कमकुवत नाही, कारण तोवर कंपनी दुरुस्तीची जबाबदारी स्वीकारतच होती. पण समोरचा वकील पहिल्या जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, बोट ठेवेल. दोष कळला तो तिसऱ्या महिन्यात, म्हणजे 23 महिन्यांपूर्वी. त्या हिशेबाने तुमच्या हातात जेमतेम एक महिना उरतो. माझा आग्रह आहे की सगळ्यात वाईट तारीख धरूनच चाला. महिन्याच्या आत तक्रार दाखल झाली तर मुदतीचा वाद उभाच राहत नाही. नंतर दाखल केलीत, तर लॅपटॉपविषयी एक शब्द बोलण्याआधी मुदतीवरच तारखा पडत राहतील.

अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात आणि प्रत्येकात ते वर्षभराचे ईमेल असतात. ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ असं उत्तर आलं की माणसं निवांत होतात. नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ती तपासणं हे ग्राहक मंचाचं स्वतःचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात, जुन्या कायद्याखाली, स्पष्ट केलं आहे. विलंब माफ करण्याची सोय आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ग्राहक आयोगाला (मंचाचं आताचं नाव) ते मान्य करताना कारणं नोंदवावी लागतात. ‘मी उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण घेऊन मी स्वतः उभा राहायला तयार होणार नाही. नकार आला त्याच आठवड्यात तुम्ही सल्ला घ्यायला हवा होता. एक अख्खं वर्ष तुम्ही घालवलंत, हे मला सांगितलंच पाहिजे.

आता फॉरमॅटविषयी. तंत्रज्ञ त्याच्या जागी बरोबर आहे; हँग होणाऱ्या मशीनवर बरेच जण पहिला उपाय हाच करतात. पण तुमच्या बाबतीत ते मशीनच साक्षीदार आहे. सर्व्हिस सेंटरने चार वेळा विंडोज नव्याने टाकलं, तेव्हा दर वेळी त्याआधीच्या नोंदी बहुधा पुसल्या गेल्या. पाचव्यांदा ते तुमच्या हातून होऊ नये. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतो, म्हणजे मशीनमध्ये काय घडलं त्याची नोंदवही. त्यातला सिस्टीम लॉग फाइल म्हणून बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. त्याचा आकार मर्यादित असतो, तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, म्हणून हे आजच करा. क्रमांक 41 ची नोंद दिसली तर ती एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडून पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदी असतील तर मात्र त्यांची प्रत जपून ठेवा. त्या हार्डवेअरने कळवलेल्या चुकांच्या असतात आणि ‘तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष’ या कंपनीच्या नेहमीच्या बचावाला त्या थेट छेद देतात. रिलायबिलिटी मॉनिटरचा तारीखवार तक्ता आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनिडम्प फाइलीही (मशीन कोसळतानाची विंडोजने जपलेली छोटी नोंद) घ्या. मिनिडम्प सापडतील त्या निळ्या स्क्रीनच्या वेळच्या. नुसतं हँग झालं की सहसा काहीच मागे राहत नाही. म्हणून हँगचा व्हिडिओ काढा.

आणखी एक चाचणी आहे आणि तिने डिस्कवरचं काही बदलत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू करायचं, इन्स्टॉल न करता. तिथेही मशीन हँग झालं तर विंडोज आणि त्याच्या ड्रायव्हरांवर खापर फोडता येत नाही. हँग झालं नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, तेव्हा उगाच घाबरू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डेटासमोर दार बंद होईल. डेटाचा बॅकअप तर घ्याच.

मदरबोर्ड न बदलण्याचं कारण कलम 38 मध्ये आहे. वस्तूतला दोष योग्य तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग तो नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवालासाठी 45 दिवस देतो. खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. काढून खोक्यात ठेवलेला मदरबोर्ड त्याच लॅपटॉपचा, त्याच अवस्थेतला, हे सिद्ध करत बसणं फार अवघड जातं. रॅम वाढवताना मशीन उघडलंत ते वॉरंटी संपल्यावर, आणि दोष त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्यामुळे तो मुद्दा जीवघेणा नाही, पण कंपनी तो काढणारच. त्या तंत्रज्ञाची तारखेची पावती मिळवा आणि यापुढे एकही स्क्रू कोणाला काढू देऊ नका.

जॉब शीट किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चारही हव्यात, विशेषतः पहिली. नसतील तर सीरियल नंबर देऊन दुरुस्तीचा संपूर्ण इतिहास ईमेलने मागा, आणि त्या तारखांचे एसएमएस व ईमेल शोधा. जॉब शीटांवर ‘दुरुस्ती समाधानकारक’ या ओळीखाली तुमची सही असेल. न वाचता केलेली, हे मी गृहीत धरतो. ती सही अडचणीची आहे. पण त्याच तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा यावं लागलं, हे चार कागद एकत्र ठेवले की आपोआप दिसतं, आणि मला वाद घालायचा तो त्यावरच.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. कलम 39 खाली आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. यांतलं काय मिळेल, हे मी सांगू शकत नाही. दोन वर्षं वापरलेल्या मशीनची पूर्ण किंमत मिळेलच असं धरू नका. मागणी मात्र क्रमाने सगळ्यांची करा. लॅपटॉपवर तुम्ही स्वतः काम करून पोट भरत असाल तर ‘वस्तू व्यापारी हेतूने घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. बिल फर्मच्या नावावर असेल तर तक्रारीत याचा खुलासा पहिल्याच परिच्छेदात हवा.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात, विक्रेता, उत्पादक आणि सर्व्हिस सेंटर तिघांविरुद्ध करा. मोबदला, म्हणजे लॅपटॉपसाठी तुम्ही दिलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. लॉग, व्हिडिओ आणि ईमेल यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. वकिलाची नोटीस आधी पाठवणं सक्तीचं नाही. पाठवायची तर पाठवा, पण तिच्या उत्तरासाठी हा महिना घालवू नका.

कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर 3 महिन्यांत आणि लागत असेल तर 5 महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. तारखांवर तारखा देऊ नयेत, हेही त्यातच लिहिलं आहे. प्रत्यक्षात असं घडताना मी क्वचितच पाहतो आणि दर वेळी त्याचा त्रास होतो, कारण तोवर ती वस्तूच कालबाह्य झालेली असते. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. लेखी म्हणणं द्यायला समोरच्याला 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ठरवलं आहे. म्हणून आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत त्यांना मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, आणि 46 व्या दिवशी त्यांचं म्हणणं आलेलं नसेल तर ते रेकॉर्डवर घेऊ नये असा लेखी अर्ज द्या.